बाटली फुटली, नशीब फुटलं

जून २०१८. स्थळ इंदूरमधली एक अंगणवाडी. मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या राज्यपाल आनंदीबेन पटेल जमलेल्या बायकांशी बोलत होत्या. विषय बाळांना अंगावर पाजण्याचा, म्हणजे उत्तमच. पण बोलता बोलता त्यांनी निदान करून टाकलं. शहरातल्या बायकांना वाटतं की बाळाला पाजलं तर आपली फिगर बिघडेल, म्हणून त्या बाटलीनं दूध देतात. निदानापाठोपाठ भविष्यही आलं. बाटलीनं पाजाल तर नशीबही बाटलीसारखं फुटेल.

इंदूर हे मध्य प्रदेशातलं सगळ्यात मोठं शहर. म्हणजे 'शहरातल्या बायकां'बद्दलची ही तक्रार शहरातच बसून चालली होती, तीही अंगणवाडीत येणाऱ्या बायकांसमोर. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्या तिथे नव्हत्या आणि ज्या होत्या त्यांचा हा प्रश्न नव्हता. मला ही रचना ओळखीची वाटते. ऑफिसच्या टाउनहॉलमध्ये वेळेवर येणाऱ्यांनाच उशिरा येणाऱ्यांबद्दल ऐकवतात, तसं.

विधान जुनं झालं, पण त्याची भावंडं अजून धडधाकट आहेत. फॅमिली ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एखादी मावशी त्याचा नवा अवतार फॉरवर्ड करते, खाली गुलाबाचं फूल लावून. म्हणून ते एकदा नीट वाचू. एखादी कविता वाचतो तसं, शब्द न् शब्द.

आधी प्रतिमा घेऊ. बाटलीसारखं फुटणारं नशीब. लय बरी आहे, अडचण मटेरियलची आहे. हल्ली बाळाच्या बहुतेक बाटल्या प्लॅस्टिकच्या असतात. हातातून पडली तर ती फुटत नाही, टणटण करत सोफ्याखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडते. बाटलीचा खरा धोका वेगळाच आहे. निपलच्या खाचेत राहिलेलं दूध, ती उकळायला नसलेला गॅस किंवा वेळ, नळाचं गढूळ पाणी, डबा महिनाभर पुरावा म्हणून पातळ केलेली पावडर. यातून जुलाब होतात आणि लहान बाळाला जुलाब जिवावर बेततात. आनंदीबेन राजकारणात येण्याआधी शिक्षिका होत्या. हे सगळं त्यांना दोन वाक्यांत समजावता आलं असतं. पण मग त्यात नशीब कुठून आणणार!

आता फिगर. ही भीती काही बायकांना वाटते, हे मी नाकारत नाही. चोवीस वर्षांच्या मुलीचं शरीर नऊ महिन्यांत अनोळखी होतं, तर तिला काहीतरी वाटणारच. पण त्या भीतीला उत्तर आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्लॅस्टिक सर्जननी हा प्रश्न रीतसर तपासला आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. स्तनांचा आकार उतरण्याशी संबंध दिसला तो वयाचा, वजनाचा, धूम्रपानाचा आणि किती वेळा गरोदर राहिलं त्याचा. पाजण्याचा संबंध दिसला नाही. शिवाय दूध तयार करायला शरीर रोज साधारण पाचशे कॅलरी खर्च करतं. हे अंगणवाडीत सांगितलं असतं तर निदान एखादी तरी निर्धास्त होऊन घरी गेली असती. टोमणा ऐकून मात्र माणूस फक्त गप्प बसतो.

बरं, सरकारच्याच 'माँ' मोहिमेचा चेहरा कोण, तर माधुरी दीक्षित. ही मोहीम ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली, म्हणजे भाषणाच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. फिगरच्या काळजीला याहून सुंदर खुलासा कुठल्या खात्यानं दिलाय?

मी इंजिनियर आहे, त्यामुळे लॉग बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. भाषणाच्या वेळी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी, २०१५-१६ ची, उपलब्ध होती. सहा महिन्यांखालच्या बाळांना फक्त आईचं दूध देण्याचं प्रमाण शहरात ५२.१ टक्के आणि ग्रामीण भागात ५६. फरक आहे, मान्य. पण चार टक्क्यांच्या फरकावर अख्ख्या शहराचं चारित्र्य उभं करायचं? आणि ग्रामीण भागातही चाळीसहून जास्त टक्के बाळांना दुसरं काहीतरी दिलं जात होतंच. तिथे कुणाची फिगर आडवी आली?

त्याच पाहणीतला दुसरा आकडा जास्त बोलका आहे. जन्मल्यावर तासाभरात ज्यांना पाजलं गेलं अशी बाळं देशभरात ४१.६ टक्के, आणि इथे शहर खेड्याच्या किंचित पुढेच होतं. त्याच वेळी ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत होत होती. म्हणजे डॉक्टर, नर्स, भिंतीवर पोस्टर, सगळं हजर असताना निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकला. याची कारणं सिझेरियननंतरची गुंगी, बाळाला वेगळ्या खोलीत ठेवणं, हाताखाली माणसं कमी, 'आधी मध चाटवा' म्हणणारी आजी, पहिलं घट्ट पिवळं चीकदूध वाईट समजून पिळून टाकणं अशी कितीतरी. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासात कुठलीही बाई आरशात बघत नसते.

आणि पहिला तास साधला तरी पुढचे सहा महिने असतात.

माझ्या टीममधली एक सीनियर बाळंतपणाच्या रजेवरून परत आली तेव्हा तिचं बाळ साडेपाच महिन्यांचंही नव्हतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस. सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला त्यात चपखल बसतो. पण अट अशी की बाईनं प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत ऑफिसला यावं. हिला डॉक्टरांनी तीन आठवडे आधी घरी बसवलं होतं. १८२ वजा २१, उरले १६१.

आईच्या दुधाचं उत्पादन पूर्णपणे मागणीवर चालतं. बाळ प्यायलं किंवा पंपानं काढलं तर पुढचं तयार होतं, साचून राहिलं तर शरीर समजतं की गरज संपली आणि कारखाना आवरायला लागतं. म्हणून दर तीनेक तासांनी तिला वीस मिनिटं आणि एक बंद होणारं दार हवं असायचं. आमच्याकडे 'वेलनेस रूम' होती. किल्ली अॅडमिनकडे, अॅडमिन जेवायला गेलेला, आणि आत बऱ्याचदा मायग्रेनवाला कुणीतरी झोपलेला. तिनं कॅलेंडरवर वेळ ब्लॉक केली, तर त्यावर क्लायंट कॉल टाकले गेले. काढलेलं दूध पॅन्ट्रीच्या फ्रिजमध्ये कुणाच्या तरी दह्याच्या डब्याशेजारी असायचं. एकदा कुणीतरी 'हे कसलं दूध आहे?' असं ग्रुपवर फोटोसकट विचारलं. हसणाऱ्या इमोजी मी मोजल्या होत्या, अकरा.

कायद्यात पाळणाघर आहे, पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर सक्तीचं, आणि दिवसातून चारदा तिथे जायची मुभा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्याही आहेत. कंपनीनं करार केलेलं पाळणाघर होतं ऑफिसपासून सहा किलोमीटरवर. ज्यांनी हिंजवडीचा ट्रॅफिक पाहिलाय त्यांना चार फेऱ्यांचा हिशोब सांगायची गरज नाही. आठव्या महिन्यात तिचं दूध आटलं. बाळ डब्याच्या पावडरीवर गेलं. आकड्यांत ती आता 'शहरातली, बाटलीवाली'.

आणि ही तर पगारी रजा, लॅपटॉप आणि महागडा पंप असलेली बाई. आमच्याच बिल्डिंगसमोर स्लॅब भरणाऱ्या बायकांना २६ आठवडे ठाऊकही नाहीत. त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं किमान सहा हजार रुपये कबूल केले. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेनं दिले पाच हजार, पहिल्या अपत्यासाठी, हप्त्याहप्त्यानं. पाच हजारांत सहा महिने घरी बसून बाळाला पाजणं म्हणजे दिवसाला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. त्या बायका बाळाला वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत निजवून घमेली उचलतात. यांनाही फिगरबद्दल विचारावं का कुणी?

गंमत अशी की पाजलं तरी सुटका नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या नायजेल फराज यांनी रेडिओवर सुचवलं होतं की हॉटेलात बाळाला पाजणाऱ्या बायकांनी कोपऱ्यात वगैरे बसावं. मार्च २०१८ मध्ये 'गृहलक्ष्मी' या मल्याळम मासिकानं 'टक लावून बघू नका, आम्हाला पाजायचंय' अशा अर्थाचं मुखपृष्ठ काढलं, तर अश्लीलतेची तक्रार केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाला त्यात अश्लील काही दिसलं नाही. इकडे पाजत नाही म्हणून नशीब फुटतं, तिकडे पाजते म्हणून कोपरा दाखवतात. दोन्हीकडे बघणाऱ्याची नजर बाईच्या छातीवर असते, बाळाकडे कुणी बघतच नाही.

आपल्याकडे तर या विषयाची अधिकृत नायिकाच आहे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेली हिरकणी. आपण तिच्या नावानं बुरूज दाखवतो, एसटी स्टँडवर कक्ष काढतो. पण त्या गोष्टीत दरवाजा काही उघडत नाही, हे मला लहानपणापासून खटकतं.

देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. फोटो निघाले, कौतुक झालं. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाला त्या बाळासह मुंबईत आल्या, तर विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ होती आणि सोयी नव्हत्या. तसं त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. फिगरचा विषय तिथे कुणी काढला नाही.