एक हात, दोन वाचक

१९९०च्या दशकात अनेक संशोधन संस्थांच्या संगणक विभागात सीडी-रॉम ज्यूकबॉक्स नावाचे कपाट असे. खणांत शंभरेक तबकड्या, त्या वाचणारे ड्राइव्ह एक-दोनच, आणि हवी ती तबकडी काढून ड्राइव्हमध्ये बसवणारा यांत्रिक हात. एका तबकडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावते, म्हणजे शंभरांवर ६५ हजार मेगाबाइट. एवढी माहिती हार्ड डिस्कवर ठेवणे तेव्हा परवडत नसे. कपाटाच्या उपयुक्ततेबद्दल आमची तक्रार नाही. आक्षेप आहे तो ते युनिक्सच्या जाळ्याला जोडण्याच्या पद्धतीवर.

युनिक्समध्ये सर्व फायली एकाच वृक्षावर असतात. तबकडी ‘माउंट’ केली की तिची एक फांदी होते, आणि सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेल्या एनएफएसमुळे ती दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरही दिसते. फाइल कुठे आहे याची वापरणाऱ्याने फिकीर करू नये, ही यामागची कल्पना. एरवी ती फारच सोयीची. ज्यूकबॉक्सच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करते. शंभर फांद्या समोर दिसतात. बहुतेक खणात निजलेल्या आहेत, हे दिसत नाही.

थोडे गणित करू. (वर्गात करवून घेण्याजोगे आहे.) ड्राइव्ह एक, वाचक दोन, दोघांना वेगवेगळ्या तबकड्या हव्यात. चौपट वेगाचा ड्राइव्ह सेकंदाला ६०० किलोबाइट वाचतो. प्रत्येक मागणी ६० किलोबाइटची, म्हणजे वाचन ०.१ सेकंदाचे. तबकडी बदलायला १० सेकंद धरू. आल्या क्रमाने मागण्या पुरवल्या, तर शंभर सेकंदांत वाचन जेमतेम एक सेकंद. बाकी वेळ हाताच्या येरझाऱ्या! दोन्ही वाचकांना वाटते यंत्र बिघडले. एनएफएसलाही तसेच वाटते. उत्तराला उशीर झाला की ते मागणी पुन्हा पाठवते आणि ‘सर्व्हर उत्तर देत नाही’ असे जाहीर करते.

आम्हीही यात फसलो. आमच्याकडचा प्रत्येक संगणक रात्री सर्व फायलींच्या नावांची यादी करी. युनिक्सवरची ही जुनी रीत. ज्यूकबॉक्स जोडला त्या रात्री सगळे त्यातही शिरले. सकाळी हात अजून फिरतच होता. यादीतून ज्यूकबॉक्स वगळला आणि प्रश्न मिटला, पण हे सुचायला आठवडा गेला. कपाट कुलूपबंद खोलीत, आम्ही आपापल्या टेबलांशी!

काही उपाय सोपे होते. बसवलेली तबकडी मिनिटभर तरी हलवू नये, तेवढ्यात तिच्यावरच्या सगळ्या मागण्या भागवाव्यात. डिरेक्टऱ्यांची प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी. तबकडी फक्त वाचायची असल्याने प्रत शिळी होत नाही. खरी अडचण वेगळीच होती. युनिक्सकडे फाइल मागितली की माहिती मिळते, चूक कळते किंवा नुसते थांबावे लागते. ‘तुमचा नंबर तिसरा’ असे सांगायला त्या व्यवहारात जागाच नाही.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आजही यांत्रिक हात चुंबकफितींची काडतुसे हलवतात. तेथे फितीवरची फाइल थेट उघडत नाहीत. आधी ती डिस्कवर आणण्याची मागणी नोंदवतात, आणि ती आली की मग वाचतात.