बोला, काय देऊ? : हापूस विकणाऱ्या वेबसाइट्स वाचताना

पत्रिकेत विषय छापलाय, 'व्यवसायाची वेबसाइट कोणासाठी?' उत्तर एका शब्दात देता येईल, गिऱ्हाइकासाठी. मग आपण सगळे चहाला मोकळे. (हशा) पण वेबसाइट्स उघडून बघितल्या की हे उत्तर खरं वाटत नाही, म्हणून थोडं बोलावं लागणार.

आधी एक कबुली देतो. छोट्या व्यावसायिकांना वेबसाइटचा मजकूर लिहून देणं हे माझं काम आहे. त्यामुळे आज जी टीका करणार आहे, तिच्यातली काही वाक्यं मीच लिहिलेली असण्याची शक्यता आहे. नावं कुणाचीच घेणार नाही, माझंही वगळून.

आज मी एकच प्रकार निवडलाय: कोकणातल्या बागायतदारांच्या, घरपोच हापूस विकणाऱ्या वेबसाइट्स. पुस्तक वाचावं तशा, पहिल्या ओळीपासून वाचल्या. बहुतेकींची सुरुवात सारखीच. वर सरकणारे तीन-चार फोटो, त्यात बाग, समुद्र आणि आजोबा. खाली 'आमच्याविषयी'. स्थापना कधी झाली, कलमं किती, कुठल्या पाहुण्यांनी बागेला भेट दिली. मग तीन शब्द येतात: अस्सल, दर्जेदार, विश्वासार्ह. हे शब्द खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण नकली माल विकणाराही हेच तीन शब्द लिहितो, आणि वाचणाऱ्याला दोघांतला फरक कळायला काही मार्ग राहत नाही.

आता वाचणारा कोण, ते बघू. माझी मावशी नागपूरला असते, वय ७१. गेल्या वर्षी तिला पेटी मागवायची होती. तिचे प्रश्न साधे होते. पेटीत किती डझन? भाव काय? नागपूरला पाठवता का, किती दिवसांत? आंबा कच्चा येणार की तयार? आणि शेवटचा, सगळ्यात खरा प्रश्न: साका निघाला तर? हापूस खाणाऱ्या माणसाला ही धास्ती असतेच. वरून सोन्यासारखा आंबा, आणि कापला की आत पांढरट, आंबूस गर.

पाचपैकी एका प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं, तेही अर्धं. दरपत्रक होतं, पण ते होतं एक चित्र. छापील पत्रकाचा फोटो काढून चढवलेला. फोनवर दोन बोटांनी मोठं करावं तर अक्षरं फुटायची. बरं, वर तारीख नाही, म्हणजे भाव यंदाचा की मागच्या हंगामातला, कळायला मार्ग नाही. चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही. अंध माणसाच्या फोनमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही अशा चित्रापाशी अडतं. मावशीनं दहा मिनिटं खटपट केली आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीवरून एक डझन घेतले. तो म्हणाला, देवगड आहे. असेलही.

मी हे एका बागायतदाराला सांगितलं. त्याचं म्हणणं असं की, 'साहेब, भाव रोज बदलतो, लिहू कसा?' अडचण खरी आहे. हंगामाच्या सुरुवातीचा भाव आणि मे महिन्यातला भाव यांची तुलनाच नाही. पण त्याच्या गोदामात खडूनं लिहिलेला फळा होता आणि त्यावर रोजचा भाव होता! तोच भाव तारखेसकट वेबसाइटवर लिहायला काय हरकत आहे? मोठं फळ असेल तर पेटीत चार डझन, लहान असेल तर जास्त, हेसुद्धा रोज बदलत नाही. लांबच्या गावाला कच्चा पाठवतो, पेटीतल्या गवतात तो वाटेत पिकायला लागतो, पोचल्यावर उघडून हवेशीर ठेवा, हे तो फोनवर दिवसातून वीस वेळा सांगतो. वेबसाइटवर त्यातलं एक अक्षर नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. रंग, फोटो, सजावट या नंतरच्या गोष्टी. वेबसाइटचा मजकूर मालक सांगतो आणि आमच्यासारखे लोक लिहून घेतात. फोन घेतो दुसराच कोणीतरी, कधी सून, कधी भाचा, कधी गोदामातला मुलगा. गिऱ्हाईक काय विचारतं हे त्यांना पाठ असतं, आणि त्यांना कोणीच विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नाही. स्टीव्ह क्रग या अमेरिकन तज्ज्ञाचं २००० साली आलेलं 'डोन्ट मेक मी थिंक' हे पुस्तक या व्यवसायात सगळ्यांनी वाचलेलं असतं. वाचणाऱ्याला विचार करत बसायला लावू नका, हे त्याचं सूत्र नावातच आहे. आपला कुठलाही वाणी ते पुस्तक न वाचता पाळतो. तुम्ही पायरी चढलात की तो म्हणतो, 'बोला, काय देऊ?' आजोबांचा फोटो त्याच्याही दुकानात असतो. पण तो मागच्या भिंतीवर, हार घातलेला. गल्ल्यासमोर आडवा धरलेला नसतो. (हशा)

म्हणून 'आमच्याविषयी' काढून टाका असं मी म्हणणार नाही. त्याची जागा चुकलीय, इतकंच. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे ते जिल्हे. बाहेरचा आंबाही हापूस म्हणून विकला जातो, तेव्हा 'कशावरून तुमचा हापूस?' हा प्रश्न येणारच. तिथे बागेचं गाव, मानांकनाची नोंदणी, आजोबांनी लावलेली कलमं, सगळं सांगा. प्रश्नानंतर आलेली तीच माहिती पुरावा होते.

आणि 'नाही' म्हणायला शिका. पुणेरी पाट्यांची आपण थट्टा करतो, पण दुपारी एक ते चार बंद, आमची शाखा नाही, हे ती पाटी आधीच सांगते. तुमची खेप वाचते. 'पंधरा मेनंतर ऑर्डर घेत नाही', 'साका निघाल्यास फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देऊ, पण पैसे परत नाहीत' असं स्पष्ट लिहिणाऱ्यावर माझी मावशी विश्वास ठेवेल. 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' यावर नाही ठेवणार. हे वाक्य, मंडळी, माझं आहे.

हे सगळं आंब्यापुरतं क्षुल्लक वाटेल. पण पेटी वाशीच्या बाजारात पाठवायची आणि दलाल काय पट्टी पाठवतो त्याची वाट बघायची, ही वर्षानुवर्षांची रीत. खाणाऱ्याशी थेट बोलायची सोय बागायतदाराला आत्ता कुठे झालीय. तिथेही तो स्वतःविषयीच बोलत राहिला, तर गिऱ्हाईक हातगाडीवर जातं आणि पेटी पुन्हा वाशीला.

जाता जाता एक काम देतो. घरी गेल्यावर शेजारच्या काकूंच्या हातात फोन द्या, तुमची वेबसाइट उघडा आणि म्हणा, 'एक पेटी मागवून दाखवा.' मग गप्प बसा. मदत करायची नाही. काकू जिथे थांबतील, तिथून दुरुस्ती सुरू करा.