थेम्सच्या तळटिपा

पाण्याचा फोटो सहसा वाईट येत नाही, आणि पंचाईत तिथेच होते. पाऊस थांबल्यावर डबक्यात उलटी उभी राहिलेली इमारत, धक्क्याजवळच्या पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग, उतरत्या उन्हात हलणारे सोनेरी तुकडे. कॅमेरा कुणाच्याही हाती द्या, यातलं काहीतरी भिंतीवर लावण्याजोगं निघतंच. समुद्रकिनाऱ्यावर तर आता एक रीतच पडून गेली आहे. भिंगावर काळसर एनडी फिल्टर चढवायचा, कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का बसवायचा आणि शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं. आपटणाऱ्या लाटांचं धुकं होतं, खडक त्यात तरंगायला लागतात. दिसायला देखणं. पण ते पाणी अरबी समुद्राचं की नॉर्वेतलं, भरतीचं की ओहोटीचं, याचा मागमूस उरत नाही. खाली 'अमूर्त' अशी पाटी लागली की काम संपलं.

या स्वस्त देखणेपणाला नकार देणारी एक चित्रमालिका मला फार मोलाची वाटते. रॉनी हॉर्न या 1955 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या कलावंत. शिल्प, रेखाटन, छायाचित्र, लेखन या सगळ्यांत त्यांचा वावर आहे आणि पाण्याचा नाद जुना आहे. 1999 साली त्यांनी लंडनच्या थेम्स नदीच्या पृष्ठभागाची पंधरा छायाचित्रं छापली. मालिकेचं नाव 'स्टिल वॉटर (द रिव्हर थेम्स, फॉर एक्झाम्पल)'. प्रत्येक कागद साधारण 77 सेंटिमीटर उंच आणि 105 सेंटिमीटर रुंद. त्यावर फक्त पाणी. काठ नाही, पूल नाही, होडी नाही, क्षितिज नाही. लंडन शहर जगाला ज्या खुणांनी माहीत आहे त्यातली एकही खूण नाही.

पहिल्या नजरेत हीसुद्धा त्याच 'अमूर्त' जातीची चित्रं वाटतात. एका कागदावर पाणी गढूळ तपकिरी, दुसऱ्यावर हिरवट, तिसऱ्यावर जवळजवळ काळं. कुठे घड्या दाट, कुठे विरळ. मोजमाप कळत नाही. ही लाट हातभर रुंद असेल की वीतभर? कॅमेरा पुलावर होता की पाण्याच्या अगदी जवळ? डोळ्याला आधार देणारी वस्तूच चौकटीत नसल्यामुळे आपण रंग आणि पोत यांवर समाधान मानू लागतो.

मग रंग कुठून येतात ते पाहावं. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते जेमतेम दोन टक्के उजेड परत फेकतं, बाकीचा आत घेतं. तिरक्या, जवळजवळ आडव्या नजरेने पाहिलं तर तेच पाणी आरसा होतं. म्हणून एका छोट्या लाटेचा आपल्याकडे झुकलेला उतार पाण्याच्या पोटातला रंग दाखवतो आणि पलीकडे झुकलेला उतार आभाळाचा. हॉर्न यांच्या प्रत्येक चित्रात अशा शेकडो उतारांवर नदी आणि आभाळ आळीपाळीने उमटलेले आहेत. तपकिरी आहे ती थेम्स, करडं आहे ते त्या दिवसाचं आभाळ. हे एकदा लक्षात आलं की चित्र नुसतं नक्षीकाम राहत नाही. ढग कसे होते, उजेड कुठल्या बाजूने होता, वारा किती होता, सगळं त्यात नोंदलेलं दिसू लागतं.

थेम्सचा तपकिरीपणा घाणीमुळे आहे असं पाहणाऱ्याला वाटतं. तो मुख्यतः गाळाचा आहे. लंडनमधली थेम्स म्हणजे आपल्या भाषेत खाडीच म्हणायची. टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत समुद्राची भरती आत शिरते, दिवसातून दोनदा, आणि उधाणाच्या दिवसांत लंडन ब्रिजपाशी पाण्याची पातळी सहा मीटरहून जास्त चढते-उतरते. गाळाला खाली बसायला उसंतच मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात इंजिनिअर जोसेफ बॅझलगेट यांनी दगडी तटबंदी घालून नदीचं पात्र अरुंद केलं. 1858 च्या उन्हाळ्यातल्या कुप्रसिद्ध दुर्गंधीनंतर शहराखालून भलीमोठी गटारं नेण्यात आली, त्याच कामाचा तो भाग. अरुंद पात्रात ओढ वाढते. चित्रांतल्या ज्या घड्या, भोवरे आणि पाण्याच्या अंगावरचे ताण आपल्याला 'आकार' म्हणून भावतात, त्यांत चंद्राचा वाटा आहे तितकाच त्या इंजिनिअरचाही. पूर्ण निसर्गाचं असं ते पाणी नाही. शहराने आवळलेलं आहे.

एवढं असूनही ही चित्रं सुंदर छायाचित्रं म्हणूनच संपली असती. पण हॉर्न यांनी एक विलक्षण गोष्ट केली. पाण्यावर जागोजागी बारीक आकडे छापले. एखाद्या लाटेच्या काठावर एक, भोवऱ्याच्या कडेला दुसरा, काळ्या पट्ट्याच्या मधोमध तिसरा. प्रबंधात वाक्याच्या टोकाला असतात तसे. आणि चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीत त्या आकड्यांच्या तळटिपा.

टिपांमध्ये काय आहे? पाहणाऱ्याला विचारलेले सरळ प्रश्न आहेत. पाण्याबद्दल, काळोखाबद्दल, हवामानाबद्दलचे सुटे विचार आहेत. साहित्य, गाणी, सिनेमा यांचे धागे आहेत. आणि वारंवार येतात ती या नदीत बुडालेली, जीव दिलेली माणसं. डिकन्सची शेवटची पूर्ण कादंबरी 'अवर म्युच्युअल फ्रेंड' सुरू होते ती सदर्क ब्रिज आणि लंडन ब्रिज यांच्यामधल्या याच पाण्यावर, नदीतून प्रेतं ओढून काढून पोट भरणाऱ्या माणसाच्या होडीत. 20 ऑगस्ट 1989 च्या पहाटे 'मार्शनेस' नावाची सहलीची बोट याच टापूत बुडाली आणि 51 माणसं गेली. हॉर्न यांची चित्रं त्यानंतर दहा वर्षांची. लंडनकराला ती पाहताना अशा गोष्टी आठवणार नाहीत असं होणं अवघड आहे.

पण माझ्या लेखी टिपांमधल्या मजकुरापेक्षा त्यांची जागा महत्त्वाची. समोर उभं राहून काय होतं ते बघा. डोळा पाण्यावर फिरत असतो, आकड्याला अडखळतो, खाली टीप शोधायला उतरतो. टीप वाचतो. परत वर येतो, आणि जिथून निघाला होता ती जागा त्याला सापडत नाही. पुस्तकात वाक्य सापडतं, कारण ओळी असतात, परिच्छेद असतात. पाण्याला ओळी नाहीत. सगळ्या घड्या सारख्याच आणि एकही दुसरीसारखी नाही. आपण आकडा हुडकत पुन्हा सबंध पाणी पालथं घालतो, आणि या खेपेला मघाशी सुटलेला काळा खळगा दिसतो, एक फेसाची रेघ दिसते. पाणी निरखून बघा असं न सांगता बघायला लावण्याची याहून चलाख युक्ती मी दुसरीकडे पाहिलेली नाही. शिवाय तळटीप मूळ मजकुराला असते. मूळ मजकूर इथे नदी आहे, आणि तो वाचता येत नाही.

छपाईबद्दलही एक शब्द. पाण्याचं छायाचित्र म्हटलं की चकचकीत कागद ठरलेला, म्हणजे ओलेपणा आयता मिळतो. हॉर्न यांनी ऑफसेट छपाई आणि लकाकी नसलेला साधा कागद निवडला. पुस्तकं, पोस्टरं छापतात त्या पद्धतीने. शाई कागदात मुरते, उजेडाचे ठिपके थोडे मंदावतात. पाणी ओलं दिसण्याऐवजी जड दिसतं. ही निवड मला आकड्यांइतकीच धीट वाटते.

किनाऱ्याकडे वळलं की या कामाशी तुलना करावीशी वाटते ती हिरोशी सुगिमोतो यांच्या समुद्रचित्रांची. 1980 साली जमैकाच्या किनाऱ्यावर कॅरिबियन समुद्रापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे जगभरचे समुद्र टिपले. मोठा 8 बाय 10 इंचाच्या निगेटिव्हचा कॅमेरा, कृष्णधवल फिल्म, अर्धं आभाळ आणि अर्धं पाणी. आदिमानवाने पाहिलेला देखावा आजच्या माणसाला जसाच्या तसा पाहता येईल का, हा त्यांचा प्रश्न. उत्तर म्हणून समुद्र बरोबरच आहे. डोंगर झिजतात, समुद्र तसाच दिसतो. चित्रं अप्रतिम आहेत. तरी नावांच्या पट्ट्या काढल्या तर जमैका कोणतं आणि 'बोडन सी, उटविल' कोणतं हे सांगता येणार नाही. हे दुसरं चित्र 2009 मध्ये यू-टू या बँडच्या अल्बमवर झळकलं, आणि तो समुद्र नव्हे, युरोपातलं एक गोडं सरोवर आहे! सुगिमोतो यांना चालतं ते. त्यांना काळ पुसायचा आहे. हॉर्न यांना पुसता येत नाही, कारण त्यांच्या पाण्याच्या दोन्ही काठांवर शहर आहे आणि शहराची माणसं त्यात पडतात.

म्हणून मला वाटतं, शहरातल्या पाण्याचं निखळ अमूर्त छायाचित्र असूच शकत नाही. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनाही 'अमूर्त' हे नाव पसंत नव्हतं, ते आपल्या कामाला 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. त्यांच्या कॅनव्हासला ते शोभतं. तिथे वस्तूचा ऋणानुबंधच नाही. छायाचित्राला ही मोकळीक नाही. भिंगासमोर काहीतरी होतं, अमुक जागी, अमुक घडीला. ते लपवण्यातच पुष्कळ छायाचित्रकारांची हुशारी खर्च होते. हॉर्न लपवत नाहीत, पण उघडही करत नाहीत. आकडा घालून ठेवतात.

नावातला 'फॉर एक्झाम्पल' हा शेपटीचा तुकडा मात्र खोडकर आहे. 'कोसला' वाचलेल्याला 'उदाहरणार्थ' या शब्दाचा हा वापर परका वाटणार नाही. एवढ्या जिवंत, एवढ्या भरलेल्या नदीला नुसतं उदाहरण म्हणायचं, आणि कशाचं उदाहरण ते सांगायचं नाही.

उणं काही नाही असं नाही. काही टिपा लाडिक आहेत. प्रश्नाला प्रश्न जोडत जाणाऱ्या काही ओळी दोनदा वाचल्यावर पोकळ वाटतात, आणि आत्महत्यांचा विषय पुन्हा पुन्हा आल्याने त्याची धार कमी होते की काय अशी शंका येते. पंधरा कागद एका दमात पाहिले तर वाचणं पाहण्यावर कुरघोडी करतं. मला टिपा निम्म्या असत्या तरी चालल्या असत्या.

पुढे हॉर्न यांनी याच नदीवर 'अनदर वॉटर' हे पुस्तक केलं (2000), आणि आइसलंडमधल्या आकुरेरीच्या विद्यापीठात थेम्सचीच 80 छायाचित्रं 'सम थेम्स' या नावाने मांडली. पुस्तकात पाणी पानांच्या कडांपर्यंत पोचतं आणि टिपा तळाशी धावत राहतात. तिथे टिपांची लय जास्त चांगली जमते, पण डोळ्याची ती वाट चुकण्याची गंमत कमी होते, कारण पान उलटता येतं. भिंतीवरचे पंधरा कागदच सरस. संच लंडनच्या टेट संग्रहात आहे, पण तो कायम भिंतीवर असतोच असं नाही. जायच्या आधी चौकशी करा. पुस्तक हाती लागलं तर टिपा सलग वाचू नका. एक आकडा निवडा, खाली जा, परत या, आणि सापडत नसेल तर घाई करू नका.