प्रतीकाचा सातबारा

चित्रकलेशी माझा संबंध आजवर पैशातूनच आला आहे. चित्रं विकत घेतली असं कृपा करून समजू नका, नोटांवरची पाहिली. महिनाअखेरीला पाकिटात एकच नोट उरली, की माणूस ती ज्या बारकाईनं उलटसुलट पाहतो, त्या बारकाईनं चित्रप्रदर्शनात कुणी काही पाहत नसेल.

पाच रुपयांच्या हिरव्या नोटेचंच घ्या. नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ साली भारतात पहिल्यांदा नोट छापली गेली, तीही पाचाचीच. पण तिच्यावर इंग्लंडचे राजेसाहेब होते. पुढे आपलं राज्य आलं आणि पाचाच्या नोटेच्या पाठीवर एक शेतकरी आला. ट्रॅक्टरनं नांगरतो आहे, मागे सूर्य उगवतो आहे. २००१ साली नोटेच्या दर्शनी बाजूला गांधीजी आले, तरी मागचा शेतकरी हलला नाही. आता नाण्यानं ती नोट मागे सारली आहे, पण एक मी जपून ठेवली आहे.

परवा भाच्यानं स्वित्झर्लंडहून, बर्नच्या म्युझियममधून, एक छापील चित्र आणलं आणि माझ्या नोटेला जोड मिळाली. फेर्डिनांड होडलर या चित्रकाराचा १९१०चा ‘लाकूडतोड्या’. हाही मूळचा नोटेवरचाच गडी! स्विस नॅशनल बँकेनं होडलरकडून नोटांसाठी चित्रं मागवली होती. १९११ साली पन्नास फ्रँकांच्या नोटेवर हा लाकूडतोड्या आला आणि शंभराच्या नोटेवर गवत कापणारा. कल्पना एवढी मनात भरली, की होडलरनं लाकूडतोड्याची मोठमोठी तैलचित्रंही केली. पांढुरकं आभाळ, उभी सडसडीत झाडं आणि त्यांच्यामध्ये पाय फाकून, सगळं अंग मागे ताणून कुऱ्हाड उगारलेला माणूस. झाडं उभी, माणूस तिरपा. त्या एका तिरप्या रेषेत चित्राचा सगळा जोर आहे. होडलरचा बाप सुतार होता. लाकूड आणि माणूस यांचं नातं त्याला कुणी शिकवायला नको होतं.

हे सगळं मी आबांना समजावून सांगत होतो. आमची सोसायटी जिथं उभी आहे ती जमीन एकेकाळी आबांची. त्यांच्या वांग्यांच्या वाफ्यावर आता आमचं पार्किंग आहे. आमच्या पिंपळे सौदागरात एक शिवार चौकही आहे. चौक आहे, शिवार नाही.

आबांनी चित्र हातभर लांब धरलं. “झाड केवढं बारीक! येवढ्या झाडाला येवढा जोर कशापायी?”

“आबा, तो नुसतं झाड तोडत नाही. तो मानवी श्रमाचं प्रतीक आहे.”

“आसंल. पर घाव घातलाय का न्हाई अजून?”

मी पाहिलं. खरंच की. शंभरावर वर्षं झाली, कुऱ्हाड वरच आहे. श्रमाचा सर्वांत देखणा क्षण म्हणजे श्रम सुरू होण्याआधीचा! घाव बसल्यावर हाताला येणारा झिणझिणाट, डोळ्यांत उडणारा भुसा, तो चित्रात नाही. तो आला असता तर प्रतीक जरा खोकलं असतं.

मग मी पाचाची नोट काढली. म्हटलं, आपलं बघा. आबा बराच वेळ बघत राहिले.

“टॅक्टर भाड्याचा दिसतोय.”

“कशावरून?”

“दिवस उगवायच्या आत घातलाय. तासावर भाडं आसतंय. जेवढी तासं पडतील तेवढं तासाचं पैसं.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “साहेब, ह्ये रान कुनाचं?”

“कुणाचं म्हणजे? ते प्रतीक आहे, आबा.”

“मग प्रतीकाला सातबारा नसतो व्हय?”

कलासमीक्षेची चार पुस्तकं वाचून मला जे सुचलं नव्हतं ते हे. कष्टकऱ्याचं प्रतीक करायचं म्हणजे त्याचं नाव, गाव, मजुरी आणि सातबारा काढून घ्यायचा आणि बदल्यात मागे सूर्य द्यायचा. होडलरच्या गड्याला निदान अंग आहे. दंडातली ओढ बघून आपलीही पाठ दुखते. ती त्याची थोरवी मी मान्य करतो. आमचा शेतकरी मात्र इतका बारीक, की त्याच्यापेक्षा सूर्यालाच जास्त कामाला लावलेलं आहे.

नव्या नोटांनी तर हाही प्रश्न निकालात काढला. दहावर कोणार्क, विसावर वेरूळ, पन्नासावर हंपी. वेरूळ दिसतं, डोंगरावर छिन्नी चालवणारा दिसत नाही. इतकं काम करूनही माणूस चित्रात येत नसेल, तर पाचाच्या नोटेवरच्या त्या ठिपक्याएवढ्या शेतकऱ्याला मी नावं ठेवणार नाही. निदान तो हजर होता.

आबांनी नोटेची घडी घातली आणि सरळ बंडीच्या खिशात टाकली. मी हात पुढे केला.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले, “तेवढंच रान.”

कसेल त्याची जमीन, हा कायदा मला ठाऊक होता. खिशात घालील त्याची, हे कलम नवीन होतं. मी हरकत घेतली नाही. पार्किंग माझ्या नावावर आहे.