‘डिपोज’ आणि ‘पदच्युत’

इंग्रजी ‘डिपोज’ या क्रियापदास आपले लेखक ‘पदच्युत करणे’ हा प्रतिशब्द योजतात. तो इतका रूढ झाला आहे की, त्याची पारख करावी असे कोणास वाटत नाही. तथापि ती करणे अवश्य आहे.

‘डिपोज’ म्हणजे मूळ अर्थाने खाली ठेवणे. ठेवणारा असल्यावाचून ही क्रिया घडत नाही. उलट ‘च्यु’ या संस्कृत धातूचा अर्थ ढळणे, गळून पडणे. पिकले फळ देठापासून च्युत होते. त्यास कोणी तोडावे लागत नाही. ‘पदभ्रष्ट’ शब्दात तर पतनासवे दोषही सूचित होतो. पुढे ‘करणे’ जोडले, तरी लेखणीतून बहुधा ‘महाराज पदच्युत झाले’ असेच वाक्य उतरते आणि कर्ता नाहीसा होतो.

हा केवळ व्याकरणाचा वाद नव्हे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर इंग्रजांनी कारस्थानाचे आरोप ठेवले. ते कबूल करणाऱ्या लेखावर सही केल्यास गादी राहील, असे १८३९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक यांनी त्यांस सांगितले. महाराजांनी सही नाकारली. सप्टेंबरात त्यांस गादीवरून काढून पुढे काशीस पाठविण्यात आले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे झगडले ते याच अन्यायाविरुद्ध. जो पुरुष आपल्या जागेवरून ढळला नाही म्हणूनच गादीस मुकला, त्यास ‘च्युत’ म्हणावे काय?

बडोद्याचे प्रकरण याहून बोधप्रद आहे. ‘डिपोज’चा दुसरा अर्थ शपथेवर जबानी देणे. रेसिडेंट कर्नल फेअर यांजवर विषप्रयोग करविल्याच्या आरोपावरून १८७५ साली मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. सहा सभासदांपैकी तिघा इंग्रजांनी त्यांस दोषी धरले. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव यांस आरोप सिद्ध वाटला नाही. तेव्हा सरकारने विषाचा आधार सोडला आणि गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांस दूर केले. पहिल्या ‘डिपोज’ने जे सिद्ध झाले नाही, ते दुसऱ्या ‘डिपोज’ने उरकले! मल्हाररावांचा कारभार वाईट होता, हे खरे; परंतु त्यांस काढण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ‘पदच्युत झाले’ म्हणताच विचारावयाचा राहून जातो.

मराठीत शब्दांची वाण आहे असेही नाही. ‘बडतर्फ’ चाकरास शोभतो, राजास नव्हे. ‘पायउतार होणे’ पराभवावर पांघरूण घालते. परंतु ‘गादीवरून काढले’ हा साधा प्रयोग सर्वथा निर्दोष आहे. आमच्या राळेगावाकडे अविश्वासाचा ठराव संमत झाला की लोक ‘सरपंच पाडला’ म्हणतात, ‘पडला’ म्हणत नाहीत. भेद एका कान्याचा. पण त्या कान्यात कर्ता उभा आहे. इतिहासकाराने तेवढा काना गाळू नये.