टाकलेलं मूल आणि आपला निकाल

मंडळी, नारायण सुर्वे यांची ओळख करून देताना आपण एक गोष्ट हमखास सांगतो. १९२६च्या सुमारास चिंचपोकळीला, गिरणीसमोरच्या रस्त्यावर, गंगाराम सुर्वे या कामगाराला एक तान्हं मूल सापडलं. त्यांनी आणि काशीबाईंनी ते आपलं म्हणून वाढवलं. इथे आपण गहिवरतो आणि कवितेकडे वळतो. मूल ठेवून गेलेल्या आईबापांना मात्र न बोलताच दोषी ठरवून टाकतो.

आता पुढचं बघा. १९३६ साली गंगाराम निवृत्त झाले, पोराच्या हातावर दहा रुपये ठेवून नवराबायको कोकणात गेली. दहाएक वर्षांचं पोर मुंबईत एकटं उरलं. याला आपण 'टाकणं' म्हणत नाही, 'नाइलाज' म्हणतो. मग तो नाइलाज पहिल्या आईला का नाही? आम्ही तत्त्वज्ञानवाले कांटचा दाखला देतो: 'करायला हवं होतं' म्हणण्याआधी 'करता आलं असतं' हे दाखवावं लागतं. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला १९२९ मध्ये. त्याआधी गिरणीतल्या बाईचं बाळंतपण म्हणजे बुडालेली मजुरीच की!

सुर्वे यांची कविता असा घाईचा निकाल देत नाही. 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' घ्या. पोराचं नाव शाळेत घालायला आलेल्या वेश्येच्या चारित्र्याची चौकशी कवी करत नाही. लाज वाटते ती बापाचं नाव मागणाऱ्या रकान्याची. 'तेव्हा एक कर' मधला नवरा आपल्यामागे बायकोनं खुशाल नवं घर करावं म्हणतो. मरणाची सावली आहे, पण ती तो तिच्यावर लादत नाही.

एक तक्रारही नोंदवू. ही कविता जिथे जाहीरनाम्याचा उंच सूर धरते, तिथे 'कामगार' उरतो, घाबरलेला तरुण बाप दिसेनासा होतो. तिचं खरं बळ खालच्या पट्टीत आहे.

आजही झोपडपट्टीतल्या एखाद्या कोवळ्या जोडप्यानं पोर टाकलं, की बातमीत 'निर्दयी' हा शब्द तयारच असतो. चिंचपोकळीच्या त्या दोघांची तर नावंही उरली नाहीत. निकालाआधी बाजू ऐकायची सवय सुर्वे यांनी आपल्याला लावली. ती त्यांच्या जन्मकथेपासूनच पाळू या.