तहान लागण्याआधीची विहीर

मंडळी, तहान लागल्यावर विहीर खोदू नये, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. युद्धाच्या बाबतीत मात्र सरकारं बहुधा नेमकं तेच करतात. आज आपण या संदर्भातला एक युक्तिवाद तपासणार आहोत. तो अमेरिकेतला आहे, आणि मांडणारे सेनापती आहेत, म्हणून त्याला वजनही आहे.

2013 साली जनरल जेम्स मॅटिस यांनी सिनेटच्या समितीपुढे जे सांगितलं, त्याचा आशय असा : परराष्ट्र खात्याला पुरेसा पैसा दिला नाही, तर मला शेवटी जास्त दारूगोळा विकत घ्यावा लागेल. 2017 मध्ये ट्रम्प सरकार मुत्सद्देगिरी आणि विकास-मदत यांच्या खर्चाला मोठी कात्री लावणार असं दिसलं, तेव्हा 120 हून अधिक निवृत्त जनरल आणि अ‍ॅडमिरल यांनी तिथल्या संसदेला पत्र लिहून ही तरतूद वाचवण्याची विनंती केली. हिशेब म्हणून यात खोट काढता येत नाही. तिथल्या केंद्रीय अंदाजपत्रकात परदेशी मदतीचा वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असे. संरक्षणाचा त्याच्या दहापटीहून जास्त.

मग आमचा आक्षेप कशाला आहे? हिशेबाला नाही, त्याच्या पायाला आहे.

कांटने 1785 मध्ये एक भेद केला, तो आपण मागे पाहिला आहे. ज्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं, त्याला किंमत असते. ज्याला पर्यायच नाही, त्याला प्रतिष्ठा असते. 'शांतता गोळीपेक्षा स्वस्त' असं म्हटलं, की शांतता किमतीच्या रकान्यात जाऊन बसते. मग ज्या देशापासून आपल्याला काहीच धोका नाही, तिथल्या लेकराची लस कुठल्या रकान्यात मांडायची?

ही नुसती शब्दांची कसरत नाही. आमच्या पिढीला रेशनच्या दुकानातला लाल गहू आठवतो. अमेरिकेच्या 1954 सालच्या पीएल-480 कायद्याखाली तो येत असे. 1965-66 च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो एकदम न देता थोडा थोडा, हात आखडून सोडला. भारताने शेतीचं धोरण बदलावं, हा एक हेतू होता. व्हिएतनामच्या युद्धावर भारत करीत असलेली टीकाही त्यांना खुपत होती. त्या गव्हाने पोटं भरली, ते उपकार आम्ही नाकारत नाही. पण दात्याच्या हातात दोरी असली की घास कसा गिळावा लागतो, हेही आपण पाहिलेलं आहे.

दुसरं उदाहरण अफगाणिस्तानचं. तिथे विकास हा लष्करी मोहिमेचा भाग झाला. जिथे लढाई जास्त, तिथे पैसा जास्त, आणि तोही घाईघाईने. अमेरिकी सरकारच्याच विशेष महानिरीक्षकांनी 2018 च्या अहवालात कबूल केलं, की या पैशाने भ्रष्टाचाराला वाव मिळाला आणि काही ठिकाणी भांडणं वाढली. म्हणजे विहीर खोदली खरी, पण आग लागल्यावर, आणि आगीच्या ऐन मध्यभागी!

कुणी म्हणेल, "सर, तत्त्वज्ञान ठीक आहे, पण संसदेत मतं हिशेबावरच मिळतात." मान्य. मिळतात, आणि हिशेबावरच जातातही. झालेलं युद्ध सगळ्यांना दिसतं. टळलेलं युद्ध कुणाला दाखवणार? ते टळलं की मुळात होणारच नव्हतं, हे सिद्ध करता येत नाही. म्हणून काटकसरीची वेळ आली, की पहिली कुऱ्हाड इथेच पडते.

2019 मध्ये त्याच संसदेने नाजूक अवस्थेतल्या देशांसाठी एक कायदा केला. त्यात दहा वर्षांच्या योजना होत्या. पुढे हैती, लिबिया, मोझांबिक असे देश त्यासाठी निवडले गेले. विचार अगदी योग्य होता, कारण विश्वास एका आर्थिक वर्षात उगवत नाही. पण वचन दहा वर्षांचं आणि पैसा दरसाल मागायचा! पुढे जानेवारी 2025 मध्ये परदेशी मदत एका आदेशाने थांबवली गेली, आणि 1961 पासून चाललेल्या यूएसएड या संस्थेचं काम 1 जुलै 2025 रोजी संपलं. सेनापतींनी इतकी वर्षं दिलेली साक्ष तिला वाचवू शकली नाही.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं. हा पैसा हवाच, आणि आजच्यापेक्षा जास्त हवा. पण तो सेनापतींच्या शिफारशीवर उभा राहू नये. ते कर्तव्य आहे, असं म्हणून तो मागावा. मुदत लांबची असावी, दोरी दात्याच्या हाती नसावी, आणि खर्चाचा जाब तिथल्या माणसांनाही विचारता यावा. विहीर आपल्या घराला आग लागेल म्हणून खोदली, तर आगीची भीती गेली की ती आपण बुजवून टाकतो. शेजाऱ्यालाही तहान असते म्हणून खोदली, तर ती टिकण्याची निदान शक्यता असते.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.